खेळ मोडण्याआधी

पाळणाघर चालवणाऱ्या किंवा तिथे काम करणाऱ्या प्रत्येकीने एक आठवडा एक साधी नोंद ठेवून बघावी. भिंतीवर कागद लावायचा आणि कुठलंही मूल रडलं, आदळआपट झाली, कुणी कुणाला ढकललं किंवा चावलं की फक्त वेळ लिहायची. मुलाचं नाव नको, कारणही नको. शनिवारी तो कागद काढून पाहिला की बहुतेक नोंदी चार-पाच ठिकाणी गोळा झालेल्या दिसतील: सकाळी आई-बाबा सोडून जातात तेव्हा, खेळ आवरून हात धुवायला जाताना, जेवण आणि झोपेच्या मधे, झोपेतून उठल्यावर आणि संध्याकाळी न्यायला येतात तेव्हा. खेळ रंगात आलेला असताना किंवा पोटभर जेवण चाललेलं असताना नोंद क्वचितच सापडते. दिवसभर किरकिर करणारी मुलं फार थोडी असतात. एक गोष्ट संपून दुसरी सुरू होते त्या सांध्यावर बहुतेकांचा तोल जातो.

या सांध्यांना आपल्या वेळापत्रकात जागाच नसते. साडेअकरापर्यंत खेळ, बाराला जेवण, पाऊण वाजता झोप, असं आपण लिहितो. खेळणी उचलणं, शू, हात धुणं, जागेवर बसणं, डबे उघडणं हे कुठेच लिहिलेलं नसतं. पंधरा मुलांचं हे सगळं व्हायला अर्धा तास सहज जातो आणि तो अर्धा तास नेमका कुणी सांभाळायचा हे ठरलेलं नसतं. त्या वेळाची आखणी मोठ्यांनी नीट केली, तर ज्याला आपण हट्ट म्हणतो त्यातला बराचसा भाग उरतच नाही. मुलाचा स्वभाव बदलायच्या मागे लागू नये, आपल्या कामांचा क्रम बदलावा, हे या लेखातलं मुख्य सांगणं आहे.

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला "पाच मिनिटांनी" म्हणजे काय ते कळत नाही. घड्याळाचा वेळ त्याच्यासाठी अजून अस्तित्वातच नाही. त्याला कळतो तो एकामागून एक येणाऱ्या घटनांचा क्रम: दूध झालं की खेळ, खेळ झाला की जेवण. शिवाय हातातलं काम थांबवून मन दुसरीकडे वळवायची क्षमता या वयात नुकती कुठे घडायला लागलेली असते. तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान ती झपाट्याने वाढते. म्हणून ठोकळ्यांचा मनोरा रचणाऱ्या मुलाला मागून "चला, चला, आवरा" अशी हाक आली की त्याला ती ऐकूच येत नाही आणि ऐकू आली तरी पटत नाही. त्यात आपण एका दमात चार सूचना देतो: खेळणी ठेवा, चपला काढा, हात धुवा, सतरंजीवर बसा. त्यातली शेवटची त्याच्या लक्षात राहते, कधी तीही नाही.

सगळ्यात अवघड सांधा जेवणाआधीचा. तो नीट बघू. पंधरा मुलं, एक बेसिन, एक ताई, एक मावशी. सगळ्यांना एकदम उठवून रांगेत उभं केलं आणि एका मुलाला हात धुवायला एक मिनिट लागलं, तर शेवटच्या मुलाला पंधरा मिनिटं थांबावं लागतं. भूक लागलेल्या तीन वर्षांच्या मुलाने पंधरा मिनिटं हात खाली सोडून रांगेत उभं राहावं ही अपेक्षाच चुकीची आहे. ते पुढच्याची वेणी ओढणार, मागच्याला कोपर मारणार, भिंतीचा रंग खरवडणार. मग आपण त्याला रागावतो. इतक्यात पुढची मुलं हात धुऊन सतरंजीवर बसलेली असतात आणि तीही ताटाची वाट बघत थांबलेली असतात. म्हणजे एका रांगेपायी सगळ्याच मुलांना दोनदा वाट बघावी लागते.

यावर उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही. रांग बंद करायची. खेळ चालू असतानाच मावशींनी ताटं मांडून, वरण-भात कालवून तयार ठेवायचा. मग ताईने मुलांना गोलात बसवून गाणं किंवा गोष्ट सुरू करायची आणि तिथून तीन-तीन मुलांना हात धुवायला सोडायचं. बेसिन उंच असेल तर खाली एक बादली, एक मग आणि एक परात ठेवली की दोन ठिकाणी हात धुतले जातात. हात धुतलेलं मूल सरळ ताटावर बसेल आणि जेवायला लागेल. शेवटची तीन मुलं येईपर्यंत पहिल्या तिघांचा अर्धा भात संपलेला असेल, आणि त्यात काहीही बिघडत नाही.

इथे अनेकींना एक अडचण वाटते. जेवणाआधीचा श्लोक सगळ्यांनी मिळून म्हणायचा असतो, सगळे बसल्याशिवाय घास घ्यायचा नाही ही आपल्याकडची रीत. रीत चांगली आहे, मीही ती मोडा असं म्हणणार नाही. पण श्लोक हात धुवायला उठण्याआधी गोलातच म्हणता येतो. हात जोडून, डोळे मिटून, सगळ्यांनी मिळून. श्लोक संपला की पहिले तिघे उठतात. मिळून म्हणायची रीतही राहते आणि भुकेलं मूल ताटासमोर ताटकळतही नाही.

याच ठिकाणी डब्यांकडेही बघा. मुलं घरून डबा आणत असतील तर घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे आणि चार बाजूंनी लॉक होणारे प्लॅस्टिकचे डबे मुलांच्या बोटांना उघडत नाहीत. मग एक ताई जेवणाची पहिली दहा मिनिटं फक्त झाकणं उघडत फिरते आणि "ताई, माझं, ताई, माझं" असा एकच गलका होतो. पालकांना स्पष्ट सांगा: मुलाला स्वतः उघडता येईल असा डबा द्या, घरी दोनदा उघडून घ्या. हेच कपड्यांचं. बटणाची घट्ट जीन्स घातलेल्या मुलाला शू लागली की संडासच्या दाराशीच रडारड होते. इलॅस्टिकची चड्डी, पट्ट्याची सँडल, आणि प्रत्येक वस्तूवर नाव किंवा एखादं चित्र एवढं मागितलं तर कुठलेही पालक नाही म्हणत नाहीत. पावसाळ्यात रेनकोट काढण्या-घालण्याचा एक जादा सांधा रोज सकाळ-संध्याकाळ वाढतो. मुलांच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर खुंट्या मारल्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात रेनकोट घालणं हाच खेळ म्हणून घेतला, तर पुढचे तीन महिने ताईंची पाठ वाचते.

जेवणाच्या सांध्यातून जो नियम निघतो तो सगळीकडे चालतो: पुढचं काम मांडून झाल्याशिवाय चालू खेळ मोडायचा नाही. चटया घालायच्या आहेत, तर मुलं जेवत असतानाच घातल्या पाहिजेत. बागेत न्यायचं आहे, तर बाटल्या आधी भरलेल्या हव्यात. आपली तयारी होईपर्यंत मुलांना नुसतं बसवून ठेवणं हे त्यांच्याकडून उसना घेतलेला वेळ आहे आणि तो ती रडून वसूल करतात. दोन मोठी माणसं असतील तर एकीने पुढे जाऊन पहिल्या मुलाचं स्वागत करावं आणि दुसरीने शेवटच्या मुलापर्यंत मागे थांबावं. दोघी मिळून मधेच रांग हाकत बसल्या की पुढेही कुणी नसतं आणि मागेही.

त्याहून आधीचा एक प्रश्न मात्र स्वतःला विचारायला हवा. एवढे सांधे हवेतच कशाला? काही पाळणाघरांत पालकांना दाखवायला म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाचे तास पाडलेले असतात: चित्रकला, इंग्रजी गाणी, योगासनं, मातीकाम. चित्रात हात रंगायला लागतो न लागतो तोच कागद गोळा होतात. सहा वर्षांखालच्या मुलांना सलग तासभर मोकळा खेळ मिळाला तर ती अधिक शांत असतात, आणि अधिक शिकतातही. दिवसातले दोन बदल काढून टाकणं हे दहा बदल छान गाणी म्हणत पार पाडण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभं केलं, त्याचं सूत्रही मुलाऐवजी आपली व्यवस्था बदलायची, हेच होतं. पाड्यावरची मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवायची. मुलाचा दिवस जसा आहे तसा धरून मोठ्यांनी आपली व्यवस्था त्याला जुळवून घेतली. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतून देशभर पोचलेल्या अंगणवाडीच्या नावात ते अंगण अजून आहे. ते सूत्र रोजच्या बारा वाजताच्या हात धुण्यातही उतरलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आता सूचना द्यायची कशी. "पाच मिनिटं राहिली" ऐवजी मोजता येईल, दिसेल असं सांगा: "अजून दोनदा घसरगुंडी, मग आत." "एवढी गाडी गॅरेजमध्ये लावली की आपण उठणार." खोलीच्या या टोकाहून ओरडून सांगितलेलं वाया जातं. मुलाजवळ जाऊन, त्याच्या उंचीला बसून, नावाने हाक मारून एका वेळी एकच गोष्ट सांगायची. मनोरा अर्धवट राहिला असेल तर तो पाडायला लावू नका. "हा इथेच राहू दे, झोपून उठलास की पुढचा मजला" म्हणून त्याच्याजवळ त्याचं चित्र किंवा नावाची चिठ्ठी ठेवा. आपलं काम कुणी मोडणार नाही ही खात्री पटली की मूल किती सहज उठतं, ते करून पाहण्यासारखं आहे.

गाण्याचा उपयोग सगळ्यांनाच माहीत असतो, पण तो बहुधा गोंगाट दाबण्यासाठी होतो. खरा उपयोग वेगळा. एका बदलाला एकच चाल, रोज तीच. आवरायचं गाणं वेगळं, झोपेचं वेगळं. चार ओळी ताईंनी स्वतः रचल्या आणि त्यात मुलांची नावं गुंफली तर उत्तमच. दोन आठवड्यांत मुलं चाल ऐकूनच खेळणी टोपलीत टाकायला लागतात, सांगावं लागत नाही. गाणं हळू आवाजात सुरू करावं, जवळच्या दोन मुलांना घेऊन. बाकीची ओढली जातात.

दिवसाचा क्रम चित्रांतून मांडावा. त्यासाठी इंटरनेटवरची गुबगुबीत कार्टून नकोत. आपल्याच खोलीचे फोटो काढा: आपली सतरंजी, आपलं बेसिन, आपल्या ताटात वाढलेली खिचडी, आपल्या गोधड्या. मुलांच्या नजरेच्या उंचीवर ते एका दोरीला क्रमाने लावा आणि एक कपड्याचा चिमटा ठेवा. प्रत्येक बदलाच्या वेळी एका मुलाने चिमटा पुढच्या फोटोवर लावायचा. "आई कधी येणार?" असं दहाव्यांदा विचारणाऱ्या मुलाला त्या दोरीपाशी नेऊन दाखवता येतं: आत्ता आपण इथे, मग झोप, मग दूध, मग बाग, आणि मग आई. ज्या मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत, किंवा ज्यांना अजून बोलताच येत नाही, त्यांना या दोरीचा फार आधार होतो. पुण्या-मुंबईत तर अशा मुलांची संख्या मोठी आहे. त्यांच्या पालकांकडून पाणी, शू, भूक, झोप आणि आई येईल, एवढं त्यांच्या भाषेत शिकून घ्या.

काही मुलांना यापेक्षा जास्त आधार लागतो. आवाज सहन न होणारी, स्वमग्न किंवा नुकतीच आजारातून उठलेली मुलं गोंधळाच्या वेळी सर्वांत आधी बिथरतात. त्यांना इतरांच्या थोडं आधी, एकट्याने हलवा. हातात वस्तू द्या: चमचा म्हणजे जेवण, गोधडीचा कोपरा म्हणजे झोप.

सकाळच्या निरोपाबद्दल पालकांशी स्पष्ट बोलायला हवं. आपल्या घरांतून एक पद्धत सर्रास चालते. "ते बघ काऊ" म्हणून मुलाची मान वळवायची आणि तेवढ्यात आईने सटकायचं. त्या दिवशी रडणं वाचतं, पण दुसऱ्या दिवसापासून मूल आईचा पदर सोडत नाही, कारण नजर हटली की आई नाहीशी होते हे त्याला कळलेलं असतं. "आत्ता येते" हेही खोटंच. त्यापेक्षा खरं सांगावं: "झोपून उठशील, दूध पिशील, मग मी येईन." निरोप छोटा आणि रोज सारखा हवा. दोन पाप्या, खिडकीतून टाटा आणि जायचं. दारातून तीनदा परत फिरू नये. मूल आईच्या हातातून ताईच्या कडेवर यावं, जमिनीवर सोडून देऊ नये, आणि सकाळी घेणारी ताई शक्यतो एकच असावी. आईच्या जुन्या साडीची छोटी गोधडी किंवा ओढणीचा तुकडा सोबत असेल तर तो हसण्यावारी नेऊ नका. पहिल्या आठवड्यात मुलाला पूर्ण दिवस न ठेवता आधी तासभर आईसह, मग तासभर आईशिवाय, मग जेवणापर्यंत असं वाढवत न्यावं.

ऑफिसच्या आवारात पाळणाघर असेल तर आणखी एक गोष्ट. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची झाली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा मिळाली. ही मुभा मोलाची आहे, ती जरूर वापरावी. पण प्रत्येक भेट म्हणजे एक आगमन आणि एक ताटातूट. अंगावर पिणाऱ्या बाळाची गोष्ट वेगळी, त्याला भूक लागेल तेव्हा आई हवी. दोन-तीन वर्षांच्या मुलाला मात्र ऐन झोपेच्या वेळी भेटून परत निघालं की त्याची झोप उडते. भेटीची वेळ ताईंशी बोलून ठरवा, जेवण भरवायला या, आणि निघताना सकाळचाच निरोप पुन्हा घ्या.

ताईंनाही निरोपाचा हाच नियम लागू आहे. दुपारी पाळी बदलते, एक ताई पर्स उचलून मागच्या दाराने जाते आणि मूल संध्याकाळपर्यंत तिला शोधत राहतं. "मी आता घरी जाते, आता सुमनमावशी आहेत, उद्या सकाळी मी येणार" एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं.

दुपारच्या झोपेत जबरदस्ती नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलांना दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप हवी, दुपारची डुलकी धरून. त्यामुळे चार वर्षांच्या एखाद्या मुलाला दुपारी झोप येतच नाही, हे शक्य आहे. त्याला चटईवर पुस्तक घेऊन पडू द्या. जेवण झालं की दिवे मंद, आवाज हळू, ज्याची त्याची ठरलेली जागा आणि ठरलेली गोधडी. "झोप, नाहीतर बुवा येईल", "डॉक्टरकाकांना सुई घेऊन बोलावते" असली वाक्यं पाळणाघरात उच्चारूच नयेत. घाबरून डोळे मिटलेलं मूल झोपलेलं नसतं. उठवतानाही ट्यूबलाइट लावून, टाळ्या वाजवून एकदम उठवू नका. आधी पडदा थोडा सरकवा, जी जागी झाली आहेत त्यांना पाणी द्या. बाकीची चाहुलीने उठतात.

संध्याकाळी न्यायला आलेल्या आईला बघून मूल रडायला लागतं किंवा "मी नाही येणार" म्हणून पळतं. बिचारी आई कानकोंडी होते. ताईंनी तिला धीर द्यावा. दिवसभर स्वतःला सावरून धरलेलं मूल आपलं माणूस दिसलं की मोकळं होतं, किंवा त्याचा खेळ खरंच अर्धवट असतो. आल्या-आल्या दप्तर उचलून ओढत नेण्याऐवजी दोन मिनिटं खाली बसा, त्याने काय केलंय ते त्याला दाखवू द्या. आणि "आज यानं चावलं हं" ही तक्रार त्याच्या डोक्यावरून, त्याच्यासमोर नको. ती फोनवर सांगता येते.

पावसात लोकल बंद पडतात, घाटात वाहतूक अडकते आणि एखादं मूल शेवटचं उरतं. दाराकडे बघत बसलेल्या त्या मुलाभोवती केर काढणं, दिवे घालवणं, खुर्च्या उलट्या ठेवणं सुरू करू नका. त्याला हाताशी घ्या: झाडांना पाणी, उद्याचे कागद मोजून ठेवणं, खडूंची पेटी लावणं. आईचा फोन लावून तिचा आवाज ऐकवा आणि ती नेमकी कुठे पोचली आहे ते त्याला सांगा.

हे सगळं एकदम सुरू करू नये. एकच सांधा निवडा. जेवणाआधीचा निवडलात तर फरक सर्वांत लवकर दिसेल. दोन आठवडे तेवढाच सांभाळा, भिंतीवरच्या कागदावर नोंद चालू ठेवा, मग पुढचा घ्या. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीनंतर बरीच घडी विस्कटते, सवय लागलेली मुलंही पुन्हा दारात रडतात. शक्य असेल तर सुट्टीनंतरचा पहिला दिवस सोमवारी न ठेवता गुरुवारी ठेवा. दोन दिवस येऊन पुन्हा घरी राहायला मिळतं. त्या दोन दिवसांत नवा कार्यक्रम काहीच ठेवायचा नाही. तीच गाणी, तीच दोरी, तोच चिमटा, आणि दुपारच्या ताटात सगळ्यांना आवडतो तो वरण-भात.